दोन हातांचा मांडा

अमडापूरहून आलेलं पोस्टकार्ड मी तीन वेळा वाचलं आणि तिन्ही वेळा कार्ड लिहिणाऱ्याचंच बरोबर निघालं. अक्षर बारीक, ओळी सरळ, डावीकडे समास सोडलेला. मजकूर असा:

"आपल्या मातोश्री दोन हातांचा मांडा करीत, असे आपण लेखात म्हटले आहे. एक हात म्हणजे अठरा इंच धरल्यास दोन हात म्हणजे छत्तीस इंच. आमच्या घरच्या खापराचे तोंड मी मोजले, ते अठरा इंच भरले. खापर उपडे घालून वरचा घुमट सुतळी टाकून मोजला, तो पंचवीस इंच. उरलेला अकरा इंच मांडा कुठे जात असे? कृपया खुलासा व्हावा."

खरं तर मला राग यायला हवा होता. त्याऐवजी मी खुर्चीतून उठून पंख्याखाली दोन फेऱ्या मारल्या. चार वर्षांत माझ्या लिखाणावर आलेले अभिप्राय म्हणजे "छान", "छानच" आणि एकदा "फोटो मोठा हवा होता". आणि इथे कोणी माझं एक वाक्य वाचून घरातलं खापर उपडं घातलं होतं. त्यावर सुतळी टाकली होती. याहून जास्त एखाद्या लेखकानं काय मागावं?

मी मोजणीदार आहे. सत्तावीस वर्षं लोकांची शेतं मोजून देतो. चार वर्षांपूर्वी मलकापुरातल्या एका साप्ताहिकाच्या संपादकांनी घरगुती आठवणी लिहायला सांगितलं. सहाशे शब्द म्हणाले, तर मी सहाशेच देतो. एकदा सहाशे दोन भरले होते. दोन ठिकाणचं 'फार' काढून टाकलं. घरच्यांची नावं घालायची नाहीत ही अट बायकोची. ती पाळणं सोपं गेलं, कारण नाव नसलं तरी 'माझी बायको' म्हटल्यावर गल्लीत कोणाला प्रश्न पडत नाही.

"तुमचं लिखाण म्हणजे सातबारा," असं ती म्हणते. "कोण, कुठं, किती. पाणी कुठंच नाही."

मी ते कौतुक समजतो. अंगणातल्या कडुनिंबावर लिहिलं तेव्हा आधी बुंध्याला टेप लावला होता. वडिलांच्या सायकलवर लिहिलं तेव्हा चाक चोवीसचं की सव्वीसचं, यासाठी दोन काकांना फोन केले होते आणि दोघांचं जुळलं नाही म्हणून वाक्यच गाळलं. एकच गोष्ट न मोजता लिहिली, ती म्हणजे आईचा मांडा. दोन हातांचा. आमच्या घरात तो नेहमी दोन हातांचाच असायचा. वडील म्हणत, पाहुणे म्हणत, आई स्वतः म्हणे. एवढ्या जणांनी म्हटल्यावर मी तो मोजलेला धरून चाललो. शेताच्या बाबतीत असं कोणी केलं असतं, तर मीच त्याला बांधावर उभं करून झापलं असतं.

ज्यांनी मांडा पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मलकापूरहून खानदेश हाकेच्या अंतरावर, म्हणून आमच्याकडे अक्षय तृतीयेला, म्हणजे आखाजीला, पुरणाची पोळी लाटत नाहीत, मांडा करतात. कापडानं चाळलेल्या पिठाची कणीक इतकी तिंबायची की ती बोटावरून ओघळेल. दोन पुऱ्यांमध्ये पुरण भरून कडा दाबायच्या आणि तो गोळा हातांवर घ्यायचा. पोळपाट नाही, लाटणं नाही. या हातावरून त्या हातावर फेकत, फिरवत तो वाढवायचा. आधी तळव्याएवढा, मग मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत, इतका पातळ की आतली पुरणाची कणी न् कणी दिसावी. आणि मग चुलीवर उपड्या घातलेल्या मातीच्या खापरावर एका झोक्यात पांघरायचा. सगळी करामत मनगटाची.

आणि आईचं मनगट दोन वर्षांपूर्वी मोडलं होतं. उजवं. कपडे धुवायच्या दगडावर पाय घसरला. सहा आठवडे प्लास्टर, मग व्यायाम, मग डॉक्टरांचं "या वयात एवढंच फिरणार". आईचं वय चौऱ्याहत्तर. तेव्हापासून दोन आखाज्या बिनमांड्याच्या गेल्या. खापर पोत्यात गुंडाळून माळ्यावर गेलं. बायकोनं पुरणपोळ्या केल्या. ती दुसरबीडची. तिच्या माहेरी, तिकडे सिंदखेडराजाच्या बाजूला, मांडा हा प्रकारच नाही. पुरणपोळी मात्र तिच्या हातची लोण्यासारखी. आई ती खायची आणि म्हणायची, "पोळी चांगली हाय." यातल्या 'पोळी'वर ती जेवढा जोर द्यायची, तेवढा मी टेप ताणतानाही देत नाही.

कार्ड मी दुपारी जेवताना मोठ्यानं वाचून दाखवलं. माझ्या उत्साहात ही एक चूक झाली.

आईचा घास हातातच राहिला. "कोन हाय हा?"

"वाचक आहे. अमडापूरचा."

"त्याले वाटते, म्या थापा मारल्या?"

"तसं नाही. पण आपण कधी मोजलाय का?"

"अन्न मोजत असते काय रे? काऊन, वावर हाय काय ते?"

"मग मला खुलासा छापावा लागेल."

"काय छापशीन?"

मी जरा विचार केला आणि खरं तेच सांगितलं. "मांडा दोन हातांचा होता हे खात्रीनं सांगता येत नाही, असं."

आईनं आपलं उजवं मनगट डाव्या हातानं धरलं आणि ते फिरेल तेवढं फिरवलं. मग ताटाकडे बघत म्हणाली, "दोन वर्षं झाले तरी म्या हूं की चूं नाही केलं. म्हटलं, सरलं ते सरलं. पन व्हतं, एवढं तरी राहू दे."

बायकोनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की वरणात मीठ जास्त झालंय हे सांगायचं मी रद्द केलं.

शेत मोजण्याआधी आम्ही शेजारच्या सगळ्या खातेदारांना नोटीस पाठवतो. अमुक दिवशी मोजणी आहे, हजर राहा, हरकत असेल तर सांगा. सत्तावीस वर्षांत नोटीस न पाठवता मी एकही साखळी टाकली नाही. आणि चार वर्षं घरच्यांवर लिहितोय, त्यांना एकदाही नोटीस दिली नाही. ज्या माणसांच्या हद्दी आपल्याला सगळीकडून लागून आहेत, त्यांच्याच आत बिनधास्त शिरून खुणा रोवायच्या आणि वर शब्द मोजून बरोबर सहाशे भरले म्हणून खूश व्हायचं. हे मला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं, आणि कळायला वरणही निमित्त होतं, कारण ते गिळवत नव्हतं.

"आखाजी कधी हाय?" आईनं विचारलं.

"नऊ दिवसांनी."

"खापर उतरव. अन् त्या अमडापूरवाल्याले बोलाव. जेवायले."

"आत्याबाई, मनगट..." बायको म्हणाली. सासूला ती तिच्या माहेरच्या रीतीनं आत्याबाई म्हणते.

"मनगट मोडलं व्हतं, हात नाही मोडला."

संपलं. हरकत नामंजूर.

ते नऊ दिवस आमच्या घरात असं काही वारं शिरलं की विचारू नका. मी अमडापूरला उलट टपाली आमंत्रण धाडलं. त्यांचं उत्तर आलं, त्यात वेळ लिहिली होती: सकाळी साडेनऊ. खापर माळ्यावरून उतरलं. मी ते मोजलं, तोंड साडेअठरा, घुमट सव्वीस. आई सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यात हात बुडवून बसू लागली आणि मूठ उघड-मीट करताना माझ्याकडे असं पाही, जणू त्या मुठीत लिंबासारखा मीच पिळला जात होतो. मुलगी पुण्याहून रेल्वेनं आली. ती तिकडे कॉम्प्युटरवर काम करते आणि तिथल्या मैत्रिणींत 'मला-तुला' करते. मलकापूरच्या फलाटावर पाय ठेवला की 'मले-तुले' सुरू. बॅग खाली ठेवायच्या आधी तिनं विचारलं, "आजी, खरंच करून राह्यली तू?"

"नाही तं काय, फोटो काढायले बोलावलं तुले?"

"फोटो तं काढीनच."

एक गोष्ट मात्र मला जुळत नव्हती. बायको रोज दुपारी न्हाणीघरात वीस मिनिटं राहू लागली होती. आतून आवाज यायचा: थप, थप, फट्. मग शांतता, मग पुन्हा थप. मी दारावर टकटक केली.

"काय चाललंय?"

"टॉवेल पिळते."

एक टॉवेल पिळायला वीस मिनिटं. मी हे डोक्यात टिपून ठेवलं, पण निष्कर्ष काढला नाही. पुरावा अपुरा होता.

आखाजीच्या सकाळी नऊ अठ्ठावीसला मी गच्चीवरून पाहिलं, तर आमच्या फाटकासमोर एक गृहस्थ स्कूटर उभी करून घड्याळ बघत थांबलेले. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, खांद्याला कापडी पिशवी. दोन मिनिटं ते तसेच उभे राहिले आणि साडेनऊला त्यांनी कडी वाजवली. मी जिना उतरताना पळालो. खरं सांगतो, वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी जिन्यावरून पळालो.

ते निवृत्त गणित शिक्षक निघाले. पिशवीत घडीची लाकडी फूटपट्टी, दर इंचाला गाठ मारलेली सुतळी आणि एक वही. मी माझा पाच मीटरचा पोलादी टेप दाखवला. त्यांनी तो हातात घेऊन पहिला इंच तपासला, कारण पहिला इंच नेहमी झिजलेला असतो. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली.

"प्रथम प्रमाण ठरवू," ते म्हणाले. "हात कोणाचा धरायचा?"

"करनारीचा," आई चुलीपासून म्हणाली आणि तिनं हात पुढे केला. गुरुजींनी कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत सुतळी धरली. सोळा इंच.

"म्हणजे दोन हात बत्तीस इंच," त्यांनी वहीत लिहिलं. "बाई, तुम्हाला चार इंचांची सूट मिळाली."

"सूट कायची? तुमचा हात ठेवा तुमच्यापाशी."

मागच्या अंगणात चूल मांडली होती. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा जाळ, त्यावर खापर. परातीत पुरण भरलेले गोळे. मी ते मोजायला बोट पुढे केलं, तर आई ओरडली, "मोजू नको रे!" म्हणून मी मनात मोजले. अकरा. तिची अट एकच होती: देवाचा नैवेद्य होईपर्यंत अन्नाजवळ टेप आणायचा नाही.

पहिला गोळा तिनं उचलला. हातावर घेतला, एक झोका, दुसरा झोका, आणि उजव्या मनगटापाशी तो अडकला. मांडा सरसर वाढत होता आणि एकदम मधोमध फाटला. बायकोच्या हातातली पऱ्हाटी अर्ध्यात थांबली.

"हा कावळ्याचा," आई म्हणाली आणि फाटका मांडा बाजूला ठेवला. आखाजीला पितरांचं पान वाढतातच, त्यामुळे हिशोबात बसलं.

दुसरा अख्खा उतरला, पण लहान. जेमतेम एक हात.

"हा देवाचा. देवाले लहानच लागते."

मुलगी नैवेद्य दाखवून आली. गुरुजींनी वहीत दोन रेघा मारल्या आणि पेन्सिल कानाला अडकवली. आईनं पाण्यात हात बुडवला, उजवं मनगट एकदा पाहिलं, आणि मग तिनं जे केलं ते मी अजून जसंच्या तसं सांगू शकतो. तिनं तिसरा गोळा डाव्या हातावर घेतला. बाराव्या वर्षापासून ती मांडा उजव्या हातानं फेकत आली होती. त्या दिवशी तो तिनं उलटा फिरवला. डाव्यानं फेकायचा आणि उजव्यानं नुसता झेलायचा. फेकायला मनगट लागतं, झेलायला फक्त हात. एक, दोन, तीन झोके, आणि मांडा असा फुलत गेला की मुलगी किंचाळली, "आजी!"

"वरडू नको, फाटते!"

तो खापरावर पडला. चुर्र झालं. कडा खाली लोंबल्या, आईनं त्या चटकन वर घेतल्या, उलटला, घडी घातली, ताटात टाकला. "घ्या गुरुजी."

"मोजणी झाल्याशिवाय मी खाणार नाही," गुरुजी म्हणाले. मग वास आला. मग मुलीनं त्यावर तूप सोडलं आणि शेजारी आमरसाची वाटी ठेवली. मग ते पाटावर बसले.

आता खरी अडचण कळली. मुलीनं फोनवर वेळ लावून सांगितलं: हातावर आल्यापासून खापरावर पडेपर्यंत नऊ सेकंद, खापरावर अर्धं मिनिट, लगेच घडी. मोजायचं कधी?

"आई, हातावर असताना जरा थांबव ना."

"मांडा थांबत नसते. थांबला की फाटला."

"खापरावर मोजू," गुरुजी पाटावरून म्हणाले.

"तिथं कडा लोंबतात, गुरुजी. आणि जाळ आहे."

"मग सुतळी वरून..." आणि त्यांच्या तोंडात घास होता.

चौथ्याला मी टेप काढून उभा राहिलो आणि मांडा माझ्या डोळ्यांसमोरून असा गेला की टेप हातातच राहिला. पाचव्याला गुरुजी फूटपट्टी उघडत होते, तिच्या सहा घड्या. तिसरी घडी उघडेपर्यंत मांडा त्यांच्याच ताटात. सहावा माझ्या ताटात आला. सातवा पुन्हा गुरुजींच्या.

"गुरुजी, पुरावा नष्ट होतोय," मी म्हणालो.

"पुरावा फार चांगला आहे," ते म्हणाले. आणि हा आपला तिसरा मांडा खाताना त्यांची पोस्टकार्डावरची भाषा पूर्ण सुटली. "वा बे! काय चीज हाय बे ही!" मग ते दचकले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "क्षमा असावी." आई इतकी हसली की तिला खापरावरचा आठवा उलटायला उशीर झाला आणि तो थोडा करपला. तो मुलीनं उभ्याउभ्या खाल्ला. नववा बायकोचा.

दहावा गोळा घेताना आई थांबली. कपाळावर घाम होता, उजवं मनगट सुजायला लागलेलं दिसत होतं. तिनं पदर खोचला.

"हा घे. हा दोन हाताचा. म्या थांबवतो, तुम्ही दोघं तयार राहा. एक श्वास थांबीन, जास्त नाही."

आमच्याकडे बायाही 'करतो', 'थांबवतो' म्हणतात. पुण्याला हे सांगितलं की हसतात. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

मांडा तिच्या हातांवर चढला. मनगट, मग कोपर, मग कोपराच्याही वर. फिरताना त्यातून ऊन पलीकडे जात होतं. आणि मग खरोखरच तिनं दोन्ही हात पसरून तो थांबवला. पिवळसर, थरथरता, पुरणाच्या कण्यांनी भरलेला. "मोज!"

गुरुजींनी टेपचं शून्य धरलं, मी पाती ओढली, मांड्याच्या वर बोटभर अंतरावरून पलीकडच्या कडेपर्यंत नेली आणि आकडा वाचायला वाकलो. वाकताना अंगठा टेपच्या कळीवरून घसरला. पोलादी पाती गुरुजींच्या बोटांतून सुटून सर्रकन परत आली, आणि येताना मांडा मधोमध चिरत आली. अर्धा आईच्या हातावर राहिला. अर्धा गुरुजींच्या पांढऱ्या शर्टावर बसला.

मला वाटलं जमीन फाटावी. आई आधी माझ्याकडे, मग टेपकडे, मग गुरुजींच्या शर्टाकडे पाहत राहिली. आणि पाटावर मटकन बसली. मला वाटलं भोवळ आली. ती हसत होती. डोळ्यांतून पाणी काढून, मांडी बडवत हसत होती.

"सत्तावीस वर्षं लोकायचे वावरं मोजले, अन् आज मायच्या मांड्यात बांध घातला!"

मग आम्ही सगळेच गेलो. मुलगी भिंतीला धरून, बायको पदर तोंडात कोंबून, गुरुजी शर्टावरचं पुरण बोटानं निपटून खात खात. पलीकडच्या गच्चीवरची माणसं कठड्याशी आली, काय झालं ते न कळता तीही हसायला लागली.

हसणं ओसरल्यावर गुरुजींनी वही उघडली. "आकडा?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी आकडा पाहिला होता. पूर्ण नाही. पहिला अंक तीन होता, पुढचा पातीसोबत निघून गेला. "तीसच्या पुढे काहीतरी," मी म्हणालो.

"मलाही तीनच दिसला," गुरुजी म्हणाले.

"मग बत्तीस म्हन ना रे," आई म्हणाली. आवाज हसरा होता, पण नजर माझ्यावरून हलत नव्हती.

"बाबा, म्हणा ना बत्तीस!" मुलगी म्हणाली. "कोणाचं काय जाते?"

म्हणायला काहीच हरकत नव्हती. गुरुजींनीही पेन्सिल तयार ठेवली होती; मला वाटतं त्यांनीही लिहिलं असतं. पण तीस आणि एकोणचाळीस, दोन्ही तीननंच सुरू होतात. "मला दिसला नाही, आई," मी म्हणालो. "दिसला असता तर तुझ्या पाया पडून लिहिला असता."

तिनं परातीतल्या शेवटच्या, अकराव्या गोळ्याकडे हात नेला. उचलायला गेली आणि मनगटानं नकार दिला. दुसऱ्यांदा प्रयत्न केला. बोटं उघडलीच नाहीत.

"झालं," ती म्हणाली. "हा पोळपाटावर लाट वो बाई. पोळी कर."

या वेळी 'पोळी'वर जोर नव्हता. तेच वाईट होतं.

बायकोनं हातातली पऱ्हाटी खाली ठेवली. हात धुतले, कोपरापर्यंत. "द्या इकडं, आत्याबाई," म्हणाली, आणि परातीतला गोळा पोळपाटावर नाही, हातावर घेतला. सव्वीस वर्षांत तिनं मांड्याला हात लावला नव्हता. आईनं लावू दिला नव्हता आणि तिनंही मागितला नव्हता. पहिला झोका पडला: थप. दुसरा: थप. आणि मला एकदम न्हाणीघरातला तो आवाज ऐकू आला.

"टॉवेल!" मी ओरडलो.

"वरडू नका, फाटतो!" बायको म्हणाली.

"कोपर वर!" आई पाटावरून उठली. "कोपर वर घे! ओढू नको, फेक! ओला टावेल नाही तो, हलका हाय!"

"तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत नसंन? नऊ दिवस म्या त्या आवाजानं झोपली नाही दुपारची. फेक आता, बोलू नको!"

मांडा वाढला. एका बाजूनं जास्त, एका बाजूनं कमी, नकाशातल्या एखाद्या वाकड्या शेतासारखा. पण तो हातावर होता आणि फाटला नव्हता. बायकोनं डोळे मिटले आणि तो खापरावर टाकला. एक कोपरा दुमडला. बाकी सगळा बसला.

मी टेपला हात लावायच्या आधी आईनं माझ्या हातावर चापट मारली. मग तिनं स्वतःचा डावा हात तापत्या खापरावर वितभर उंच आडवा धरला. कोपर एका कडेला. बोटं जिथे संपली तिथून पुन्हा कोपर. दुसऱ्यांदा मांडा मनगटाच्या बऱ्याच अलीकडेच संपला.

"दीड हात," तिनं जाहीर केलं. "अन् काठाची कोर जाड हाय."

"पहिल्याच मांड्याला दीड!" बायकोचा चेहरा जाळानं लाल झाला होता की कशानं, मला सांगता येणार नाही. "आत्याबाई, तुमचा पहिला केवढा झाला होता?"

आईनं मांड्याची घडी घातली. तो गुरुजींच्या ताटात ठेवून त्यावर तूप सोडलं, मग म्हणाली, "माहा पहिला चुलीत पडला व्हता. सांगू नको कोनाले."

"दीड हात," गुरुजींनी वहीत लिहिलं. "हे माप अधिकृत धरायचं?"

"माह्या हातानं मोजलं. अजून काय पायजे?" आई म्हणाली. "अर्धा राह्यला. पुढच्या आखाजीले येऊन पाहा. अन् तो टेप घरीच ठेवून या."

गुरुजी त्या दिवशी चार मांडे खाऊन गेले, शर्टावरचा अर्धा धरला तर साडेचार. मी लगेच खुलासा लिहायला बसलो. आधी नोटीस दिली: सगळ्यांना समोर बसवून वाचून दाखवला.

"माझ्या लेखात आईचा मांडा दोन हातांचा असल्याचे लिहिले होते. अमडापूरच्या वाचकासमक्ष मोजणी घेतली. मोजणाऱ्याच्या हलगर्जीमुळे मांडा फाटला. आकडा तीनने सुरू होता, एवढे दोघांनी पाहिले. त्यापुढे खात्रीने सांगता येत नाही. नव्हता असेही सांगता येत नाही. बायकोचा मांडा दीड हात भरला. माप आईच्या हाताचे."

आईनं सुजलेलं मनगट मांडीवर ठेवून सगळं ऐकलं. "नव्हता असेही सांगता येत नाही," हे वाक्य तिनं पुन्हा वाचायला लावलं. मग मान हलवली.

"कोर जाड व्हती, ते लिहिलं काय?"

"नाही."

"लिही. खरं तेच लिहायचं असते ना तुले?"

"लिहा," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "पण पहिलाच होता, हे बी लिहा."

मी दोन्ही लिहिलं.